यूएसबी हबची पारख : ग्रामपंचायती आणि शाळांसाठी काही सूचना

बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. २०११ मध्ये राज्यात सुरू झालेला ‘संग्राम’ प्रकल्प, २०१६ पासून त्याची जागा घेणारी आपले सरकार सेवा केंद्रे आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर लोकसहभागातून डिजिटल झालेल्या जिल्हा परिषद शाळा यांमुळे संगणक गावोगावी पोहोचला. संगणकापाठोपाठ त्याची उपकरणेही आली. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, कॅमेरा आणि नोंदी साठविण्याची बाह्य हार्ड डिस्क ही सर्व एकाच संगणकाला जोडावयाची असतात. संगणकाचे पोर्ट मात्र मोजकेच. या अडचणीवर उपाय म्हणून तालुक्याच्या बाजारातून एक छोटीशी डबी आणली जाते. तिलाच यूएसबी हब म्हणतात. ही वस्तू अल्पमोलाची असल्याने तिची पारख सहसा कोणी करीत नाही. ती पारख कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हब म्हणजे काय?

यूएसबी जोडणीचे पहिले प्रमाण १९९६ साली प्रसिद्ध झाले. ते विकसित करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये अग्रभागी असलेले श्री. अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी होत. या जोडणीचे वैशिष्ट्य असे की, एकाच वायरीतून माहिती आणि वीज या दोहोंची ने-आण होते. हब हा एका पोर्टचे चार किंवा सात पोर्ट करून देतो. माहितीची वाटणी तो सहज करतो. विजेची वाटणी मात्र इतकी सोपी नाही, आणि सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

यूएसबी २.० प्रकारचा पोर्ट ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० प्रकारचा पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज पुरवितो. अडॅप्टर नसलेल्या हबला एवढ्यावरच सर्वांचे भागवावे लागते. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. मोटार लहान आणि नळ्या सात, अशी स्थिती असली की शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. म्हणूनच ज्या हबला भिंतीवरील प्लगमधून स्वतंत्र वीज देणारा अडॅप्टर असतो, तो हब कार्यालयासाठी श्रेयस्कर होय.

हिशेब कसा करावा?

प्रत्येक उपकरणावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात लागणारी वीज छापलेली असते. समजा, कीबोर्ड आणि माऊस यांना प्रत्येकी १००, ठसा घेणाऱ्या यंत्रास ३००, कॅमेऱ्यास ३०० आणि हार्ड डिस्कला ८०० मिलिअँपिअर लागतात. एकूण बेरीज १,६०० मिलिअँपिअर, म्हणजे १.६ अँपिअर झाली. अशा ठिकाणी ‘५ व्होल्ट, १ अँपिअर’ असे लिहिलेला अडॅप्टर अपुरा ठरेल; किमान २ अँपिअरचा हवा. सात पोर्टच्या हबवर प्रत्येक पोर्टला ५०० मिलिअँपिअर द्यावयाचे झाल्यास ३.५ अँपिअर लागतात. हे लक्षात घेता, सात पोर्ट आणि १ अँपिअरचा अडॅप्टर असा संच पाहताच खरेदीदाराने सावध व्हावे.

वीज अपुरी पडली की उपकरण बंद पडतेच असे नाही. ते मधूनमधून दगा देते. ठसा घेणारे यंत्र क्षणभर विझते आणि पुन्हा लागते. वाडीवस्तीवरून पायी आलेल्या वृद्ध महिलेस ‘अंगठा उमटत नाही, उद्या या’ असे सांगितले जाते. कष्टाने झिजलेली बोटे किंवा संथ इंटरनेट ही त्याची कारणे असू शकतात; परंतु कधी कधी दोष केवळ हबच्या अडॅप्टरचा असतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची दाखल्यांसाठी गर्दी होते, त्या दिवसांत एक दिवसाचा खोळंबाही त्यांना महागात पडतो. यंत्राची जोडणी हबवरून काढून थेट संगणकाला दिली आणि काम सुरळीत झाले, तर दोष कोठे आहे हे तत्काळ कळते.

काटकसर कोठे केली जाते?

स्वस्त हबमध्ये उत्पादकाने केलेली काटकसर बाहेरून दिसत नाही. ती मुख्यतः तीन ठिकाणी असते.

पहिले ठिकाण अडॅप्टर. त्याच्या एका बाजूस २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूस ५ व्होल्ट असतात. या दोन बाजूंमध्ये काही मिलिमीटरचे अंतर आणि भक्कम विद्युतरोधन ठेवणे आवश्यक असते. निकृष्ट अडॅप्टरमध्ये हे अंतर कमी असते, रोधन पातळ असते आणि दोन बाजूंना जोडणारा विशेष सुरक्षित कपॅसिटर न वापरता साधा वापरलेला असतो. तो निकामी झाल्यास २३० व्होल्टचा दाब पोर्टच्या धातूच्या कडेपर्यंत पोहोचू शकतो. शाळेत त्या कडेला लहान मुलांचे हात लागतात, हे विसरता येणार नाही.

दुसरे ठिकाण प्रत्येक पोर्टचे संरक्षण. चांगल्या हबमध्ये एखाद्या पोर्टवर शॉर्ट सर्किट झाल्यास तेवढ्याच पोर्टची वीज तुटते. स्वस्त हबमध्ये ही सोय गाळलेली असते. पोर्टमधील पट्टी वाकली तरी अडॅप्टरची सर्व वीज बारीक वायरीतून वाहू लागते आणि वायर तापते. तेव्हा अशा हबला अधिक अँपिअरचा अडॅप्टर लावणे हा उपाय नव्हे. त्याने धोका वाढतो.

तिसरे ठिकाण उलट प्रवाहाचा प्रतिबंध. अडॅप्टरची वीज उपकरणांकडेच जावी, संगणकाकडे परत जाऊ नये, असा नियम आहे. निकृष्ट हबमध्ये ती परत जाते आणि संगणकाचा पोर्ट किंवा मदरबोर्ड बिघडू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. संगणक बंद करून त्याचा प्लग काढावा, हबचा अडॅप्टर चालू ठेवावा. संगणकाचा एखादा दिवा लागला किंवा पंखा हलला, तर तो हब वापरातून काढून टाकावा.

वापरातील दक्षता

हबचा अडॅप्टर हरवल्यास कपाटातील दुसरा लावण्याची प्रवृत्ती असते. इंटरनेटच्या राऊटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची गोल पिन पुष्कळदा हबमध्येही बसते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर योग्य, असे मुळीच नाही. ५ ऐवजी १२ व्होल्ट गेल्यास हबबरोबर त्यास जोडलेली सर्व उपकरणे एका क्षणात निकामी होऊ शकतात. यास्तव प्रत्येक अडॅप्टरवर तो कोणत्या यंत्राचा आहे आणि किती व्होल्टचा आहे, याची चिठ्ठी चिकटवावी.

भारनियमनाच्या दृष्टीनेही एक गोष्ट महत्त्वाची आहे. संगणक यूपीएसवर आणि हबचा अडॅप्टर साध्या प्लगवर असेल, तर वीज जाताच सर्व उपकरणांचा भार संगणकाच्या एकाच पोर्टवर येतो. त्या क्षणी हार्ड डिस्कवर नोंद होत असेल तर ती अर्धवट राहून माहिती खराब होण्याचा संभव असतो. म्हणून हबचा अडॅप्टर त्याच यूपीएसला जोडावा, आणि हार्ड डिस्क शक्यतो थेट संगणकाला जोडावी.

उन्हाळ्यात आपल्याकडे तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या खोलीत, बंद खणात किंवा कागदांच्या गठ्ठ्याखाली अडॅप्टर ठेवू नये. तो हात ठेववणार नाही इतका तापत असेल, जळका वास येत असेल किंवा स्पर्शाने झिणझिण्या येत असतील, तर भिंतीवरील बटण बंद करून तो बाजूला काढावा. कार्यालय बंद करताना बटण बंद करण्याची सवय ठेवावी.

खरेदी करताना

माहिती तंत्रज्ञान उपकरणांच्या अडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. २०१२ च्या आदेशान्वये सुरू झालेल्या या योजनेत नोव्हेंबर २०१४ च्या अधिसूचनेने अडॅप्टरचा समावेश झाला. अडॅप्टरवर मानक ब्युरोचे चिन्ह, भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर हा क्रमांक टाकल्यास उत्पादकाचे नाव पडताळता येते. ‘सीई’ ही युरोपीय बाजारपेठेसाठीची खूण आहे. ती भारतीय नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

दरपत्रके मागविताना केवळ ‘यूएसबी हब, नग १’ असे लिहिले, तर सर्वांत कमी दराची वस्तूच पदरी पडणार. त्याऐवजी पोर्टची संख्या, अडॅप्टरचे व्होल्ट व अँपिअर, प्रत्येक पोर्टला स्वतंत्र संरक्षण, उलट प्रवाहास प्रतिबंध, मानक ब्युरोची नोंदणी आणि हमीची मुदत या सहा बाबी स्पष्ट नमूद कराव्यात. म्हणजे स्वस्ताची तुलना स्वस्ताशी न होता सारख्या प्रतीच्या वस्तूंची तुलना होईल. पक्की पावती अवश्य घ्यावी. नागरिकांना घरगुती खरेदीबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे, आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक व विक्रेत्याच्या दायित्वाची तरतूद आहे.

थोड्या रुपयांच्या बचतीसाठी हजारो रुपयांची यंत्रे, गावाच्या नोंदी आणि मुलांची सुरक्षितता पणास लावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांनी आपल्या कार्यालयातील हब व अडॅप्टर एकदा टेबलावर काढून तपासावेत. या कामास अर्धा तास पुरेसा आहे.