गॅरेजचा कट्टा आणि व्यंजना



शब्दशक्ती शिकवताना माझी दरवर्षी एकच पंचाईत होते. अभिधा मुलांना लगेच कळते. लक्षणा 'बाबा ताटावर बसले' म्हटलं की हसत हसत होऊन जाते. घोडं अडतं ते व्यंजनेवर. शब्दांचा सरळ अर्थ तसाच राहतो आणि तरी बोलणाऱ्याला दुसरंच काही सुचवायचं असतं, हे मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळवतात. पण कळलेलं नसतं. यंदा मी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजचा कट्टा वर्गात आणला.

आमचा तालुका सांगली जिल्ह्यातला. शाळेच्या वाटेवर एक गॅरेज आहे, शेजारी चहाची टपरी. रविवारी सकाळी तिथं जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात. एकाचीही गाडी लाखाच्या वरची नाही. कुणाकडे ओम्नी, कुणाकडे झेन, दोघातिघांकडे आठशे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं. आजही ती दिसली की कट्ट्यावरचा एक तरी माणूस उठून बॉनेटवर हात ठेवतोच. मुंबईत बरीच वर्षं टॅक्सी हाकून गावी परतलेले एक काकाही असतात. त्यांच्यापुढे मात्र आठशेवाल्यांचं काही चालत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, १९७४ पासून जिचं नाव पद्मिनी झालं, तिचा स्टिअरिंगजवळचा गियर टाकलेला हात त्यांचा आजही बोलता बोलता हवेत फिरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली, तेव्हा काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः घेतला नाही.

तर या कट्ट्यावरची वाक्यं मी फळ्यावर लिहिली, जशी ऐकली तशी.

"ॲव्हरेज काय देती?" "उताराला लई देती."

"एसी हाय का?" "चारी काचा खाली येत्यात की!"

"लॉक लागत न्हाई व्हय? चोरली कुणी तर?" "चोर पेट्रोलचं पैसं मागायला परत येईल."

आणि सगळ्यांत जुना, पण अजून न झिजलेला विनोद: "हॉर्न सोडून सगळं वाजतंय."

वर्ग हसला. मग विचारलं, उताराला चांगलं देते म्हणजे काय? एक मुलगा म्हणाला, "चढाला वढत न्हाई सर." बस्स. व्यंजना झाली. वाक्य खोटं नाही, उताराला गाडी खरंच कमी पेट्रोल खाते. पण सांगायचं होतं ते चढाबद्दल, आणि चढ हा शब्द वाक्यात कुठंच नाही. दहा वर्षांत मला जे फोड करून सांगता आलं नव्हतं, ते एका ओळीत झालं.

पुढची वाक्यं फळ्यावर लिहिली ती विकणाऱ्यांची. 'सिंगल हँड गाडी.' 'डॉक्टरची गाडी.' 'एक रुपयाचं काम नाही.' 'थोडं टचिंग केलंय.' इथं वर्ग गप्प झाला, कारण वरवर बघता सगळी स्तुतीच होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील गॅरेजवर मिस्त्री आहेत. मराठीच्या तासाला तिचा हात वर आलेला मी तोवर पाहिला नव्हता. म्हणाली, "सर, पप्पा म्हणतात विकायला येणारी प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असती. मग आपल्या तालुक्यात एवढे डॉक्टर हायत तर दवाखान्यात रांग कशाला लागती?"

मी खडूच तिच्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं तिनं शिकवलं. 'थोडं टचिंग' म्हणजे गाडी कुठंतरी आपटलेली असू शकते. बॉनेट उघडून कडेच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या, तर पत्रा खोललेला आहे. 'एक रुपयाचं काम नाही' म्हटलं की इंजिन चालू करून मागं जाऊन उभं राहायचं. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. 'टायर नवीन हायत' म्हटलं की टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर वाचायचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मुलं मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या गाड्यांचे टायर वाचत फिरली. आमच्या एका सहकाऱ्यांचे टायर २०१४ चे निघाले, त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

गणिताच्या सरांनीही याचा फायदा घेतला. चक्रवाढ व्याजाबरोबर घसारा येतो, तिथं त्यांनी गाडीच घेतली. चार लाखांची गाडी दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरली, तर तीन वर्षांनी २,४५,६५० रुपये आणि दहा वर्षांनी सुमारे ७८,७५०. पहिल्या तीन वर्षांत दीड लाखावर गेले आणि पुढच्या सात वर्षांत त्याहून फार जास्त नाही, हे आकड्यांत दिसल्यावर एका मुलानं विचारलं, "मग पहिला मालक येडा असतो का सर?" यावर सरांनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही.

या पाठात माझी एक चूक झाली, ती शिक्षक मित्रांसाठी मुद्दाम लिहितो. हसण्याच्या भरात दोनतीन मुलांनी वर्गातल्याच एकाच्या घरच्या ओम्नीवर घसरायला सुरुवात केली. तिचं दार दोरीनं बांधलेलं असतं. मुलगा हसत होता, पण कान लाल झाले होते. मला ते उशिरा दिसलं. मग मी थांबवलं आणि विचारलं, कट्ट्यावर हे विनोद कोण कुणाच्या गाडीवर करतं? मुलांनी फळा पुन्हा वाचला. 'उताराला लई देती' मालक म्हणतो. 'चारी काचा खाली येत्यात' हेही मालकच म्हणतो. दुसऱ्यानं आधी विचारलेलं असतं फक्त. आपल्या गाडीची टिंगल आपणच करायची, दुसऱ्यानं तीत भर घालायची ती मालकानं सुरुवात केल्यावरच. एक मुलगी म्हणाली, "आपल्या भावाला आपण काय पण म्हणतो सर, तसं." ओम्नीवाला मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. तास संपताना म्हणाला, "आमच्या गाडीचं दार आतनं उघडत न्हाई, म्हणून आमच्या घरात कुणी रुसून उतरून जात न्हाई." त्या दिवशी सगळ्यांत मोठा हशा त्याला मिळाला.

व्याजस्तुती अलंकारही इथंच घेता येतो. मालक निंदा करतो, त्या निंदेत प्रेम असतं आणि गाडीचा खरा दोषही कळतो. विकणारा स्तुती करतो, तिच्यात दोष झाकलेला असतो.

आता माझी गोष्ट. माझीही एक आठशे होती, २००८ ची, मी ती दुसऱ्या हातानं घेतलेली. २०२१ मध्ये विकली. घेणारा ओळखीचा, बोलायला गोड. पैसे रोख दिले. नावावर करून घ्या म्हटलं तर हसून म्हणाला, "सर, तुमच्या नावावर हाय म्हणून तर गाडीला इज्जत हाय. राहू द्या की चार दिवस." मीही हसलो. चार दिवसांचे आठ महिने झाले. मग मोबाइलवर चलन आलं, महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं. आमच्या घरी ती गाडी साठच्या पुढं कधी गेली नव्हती, त्यामुळे बायकोला आधी अभिमानच वाटला.

मिस्त्रींना चलन दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, चलन सोडा. उद्या गाडीखाली माणूस आला तर कागदावर मालक तुम्ही." ते खरंच होतं. अपघात झाला तेव्हा नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईला तोच मालक धरला जातो, गाडी पुढं कितीही हातांत गेलेली असली तरी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या एका निकालात हेच सांगितलं आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. पालकहो, घरात जुनी गाडी किंवा दुचाकी विकली असेल, तर आज एकदा बघा.

पुढचा पंधरवडा मला रात्री झोप नव्हती. घेणारा फोन उचलत नव्हता. शेवटी मिस्त्रींनीच त्याला गॅरेजवर गाठलं, आणि आम्ही तिघं एकाच एसटीनं सांगलीला जाऊन कागद करून आलो. परतताना तो म्हणाला, "सर, तुम्ही तर लईच मनावर घेतलं."

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, 'इज्जत हाय' म्हणाला तेव्हा तुम्हाला व्यंग्यार्थ कळला नव्हता का?"

नव्हता कळला, म्हटलं.

घरचा अभ्यास संवादलेखनाचा दिला होता: जुनी गाडी घेणारा आणि विकणारा. तिच्या वहीतला शेवटचा भाग इथं देतो, शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं आहे.

"गाडी कुणाची?"

"डॉक्टरांची."

"कोणत्या?"

"जनावरांच्या."

"मग धक्का मारायला बैल पण देणार का?"