त्याच्या नावाची राखण

सदर, नागपूर

चि. बाळ यास,


तुझं पत्र आणि सोबतचा तक्रारअर्जाचा मसुदा, दोन्ही नीट वाचले. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी वधस्तंभाची टिंगल करणारं प्रहसन केलं, सगळं सभागृह हसलं आणि तुला तिथे बसवेना म्हणून तू उठून बाहेर आलास. ज्याच्यापुढे रोज गुडघे टेकतो त्याची चेष्टा झाली तर जिवाला लागतंच, आणि लागायलाच हवं. आता तुमच्या तरुण संघाने पोलीस ठाण्यात जायचं ठरवलंय. अर्जात तू लेवीयच्या चोविसाव्या अध्यायाचा दाखला दिला आहेस आणि माझा आशीर्वाद मागितला आहेस. तुला तो आहेच, अर्जाला मात्र देववत नाही. का, ते सविस्तर लिहितो. तू कायद्याचा विद्यार्थी आहेस, तेव्हा आधी पुरावा तपास आणि मग निकाल दे.

लेवीय चोवीसपासूनच सुरुवात करू. छावणीत दोघांची मारामारी होते. त्यातला एक दान वंशातल्या शलोमीथचा मुलगा, बाप मिसरी. भांडणाच्या भरात तो परमेश्वराच्या नावाची निंदा करतो, त्याला अटकेत ठेवतात आणि शेवटी दगडमार होते. हा कायदा कठोर आहे, त्याला मी साखर लावणार नाही. पण तू अर्जात उतरवलेल्या वचनांच्या पुढची वचनंही वाच. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, म्हणजे सूड नुकसानापेक्षा मोठा असू नये, ही मर्यादा तिथेच घातली आहे. परक्याला आणि घरच्याला एकच न्याय, हेही तिथेच आहे. आणि हा कायदा माणसांच्या हातात पडल्यावर त्याचं काय होतं, हे दाखवायलाही शास्त्र कचरत नाही.

राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथची गोष्ट आहे. शब्बाथ शाळेत तू ती ऐकली आहेस, पण आता वकिलाच्या नजरेने पाहा. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीचा मळा करायचाय. वाडवडिलांचं वतन विकणार नाही, असं नाबोथ सांगतो. राजा रुसून, भिंतीकडे तोंड करून अन्नपाणी सोडून पडतो. मग राणी ईजबेल सूत्रं हाती घेते. राजाच्या मोहरेची पत्रं गावच्या वडीलधाऱ्यांना जातात. उपासाची दवंडी पिटली जाते. नाबोथला मानाच्या जागी बसवतात आणि त्याच्यासमोर दोन नालायक माणसं आणून बसवतात. याने देवाला आणि राजाला शाप दिला, अशी दोघं साक्ष देतात. गावाबाहेर नेऊन नाबोथला दगडांनी मारतात आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला निघतो. बघ, कागदोपत्री सगळं चोख आहे. नियमाप्रमाणे साक्षीदार दोन आहेत, उपास आहे, शिक्षाही शास्त्रात सांगितलेली. देवाच्या नावाने झालेल्या या खटल्यात देव मात्र आरोपीच्या बाजूने उभा राहिला आणि एलीयाला त्याने सरळ राजाकडे पाठवलं.

पुढे नव्या करारात ये. कफर्णहूमात छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला येशू पापक्षमा देतो, तेव्हा तिथे बसलेले शास्त्री मनातल्या मनात त्याच्यावर पहिला आरोप ठेवतात तो देवनिंदेचा. यरुशलेमेत शलमोनाच्या देवडीत हिवाळ्याच्या दिवसांत लोक दगड उचलतात, तेही याच कारणासाठी. शेवटी कयफा महायाजक अंगावरची वस्त्रं फाडतो आणि साक्षीदारांची आता गरजच काय, असं विचारतो. आपला प्रभू ज्या आरोपाखाली दोषी ठरला तो हाच. तोच आरोप त्याच्या रक्षणासाठी वापरायचा, यातली विसंगती तुला जाणवली नाही का?

स्तेफनावरही खोटे साक्षीदार उभे केले होते. मोशेविरुद्ध आणि देवाविरुद्ध बोलतो, असा ठपका होता. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवली. देवाचा मान आपण राखतोय, अशी त्या शौलाची पक्की खात्री होती. तोच शौल पौल झाल्यावर तीमथ्याला लिहितो, की पूर्वी देवनिंदक होतो तो मीच. ज्या दिवसांत तो देवनिंदकांना शिक्षा करत फिरत होता त्याच दिवसांबद्दल तो हे म्हणतो. या एका कबुलीवर तू बराच वेळ थांबावंस असं मला वाटतं.

हे सगळं जुन्या काळातच घडलं असं समजू नकोस. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंडसंहितेत १९२७ साली धर्माच्या अपमानाबद्दलचं २९५अ हे कलम घातलं. फाळणीनंतर ती संहिता दोन्ही देशांत राहिली आणि पाकिस्तानात झिया यांच्या राजवटीत १९८२ व १९८६ मध्ये तिला आणखी कडक कलमं जोडली गेली. २००९ साली पंजाबातल्या एका खेड्यात आसिया बीबी ही ख्रिस्ती शेतमजूर बाई शेतात फळं तोडत होती. तिने आणलेलं पाणी बाकीच्या बायकांनी विटाळाच्या भावनेने नाकारलं, त्यातून बाचाबाची झाली आणि तिच्यावर निंदेचा आरोप आला. २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे राज्यपाल सलमान तासीर आणि मंत्री शाहबाज भट्टी यांचे २०११ मध्ये खून झाले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. मुख्य साक्षीदार दोन बहिणी होत्या आणि साक्षींमधल्या विसंगती न्यायालयाने दाखवून दिल्या. नाबोथ तुला इथे ओळखू येतो ना? आपल्या उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना व्हायची, तेव्हा तूही डोळे मिटून आमेन म्हणायचास.

आणि मुंबईत तू राहतोस तिथून फार लांब नाही, विलेपार्ल्याच्या इर्ल्यात, २०१२ साली वेलंकनी मातेच्या चर्चमधल्या ख्रिस्ताच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते भक्तीने नेऊ लागले. सनल एडमारुकू या बुद्धिवादी माणसाने पाहणी केली आणि सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून वर चढतोय, असं सांगितलं. त्यांचं बोलणं अनेकांना बोचलं. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या त्या याच २९५अ खाली, आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. ज्याने सत्य तुम्हांला मोकळं करील असं सांगितलं, त्याच्या नावावर हे झालं. भिंतीतलं पाणी कुठून आलं हे कुणी शोधल्याने त्याच्या गौरवाला काहीच धक्का पोचत नव्हता.

कायद्याचंही बोलतो. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आलं आहे. त्यासाठी जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान सिद्ध व्हावा लागतो. १९५७ च्या रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही, हेही स्पष्ट केलं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या उथळ प्रहसनावर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचं कलम लावायला निघताना हा निकाल तुझ्या टेबलावर उघडा असायला हवा.

मग देवनिंदा नावाची गोष्टच शास्त्रात नाही का? आहे, आणि ती फार गंभीर आहे. फक्त तिचा रोख तुला वाटतो त्या दिशेला नाही. दावीदाने बथशेबेला नेलं आणि उरीयाला मारवलं, तेव्हा नाथान त्याला सांगतो, की तुझ्या या कृत्याने परमेश्वराच्या शत्रूंना निंदेचं निमित्त मिळालं. यहेज्केल म्हणतो, की देवाची प्रजा जिथे जिथे गेली तिथे तिने त्याच्या पवित्र नावाला बट्टा लावला. पौल रोमकरांना पत्र लिहिताना तोच धागा उचलतो आणि राष्ट्रांमध्ये देवाच्या नावाची निंदा होते ती तुमच्यामुळे, असं नियमशास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्यांना सुनावतो. याकोब तर थेट मंडळीच्या बैठकीत येतो. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की पुढची जागा, मळक्या कपड्यांतला गरीब आला की उभा राहा नाहीतर पायाशी बस. ज्या श्रीमंतांची अशी सरबराई करता तेच तुम्हांला कोर्टात ओढतात आणि तुम्हांला मिळालेल्या थोर नावाची निंदा करतात, असं तो लिहितो.

आता आपल्या नागपूरकडे पाहा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांनी जुने भेद बाजूला ठेवून इथेच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. आपण एका पंगतीला प्रभुभोजन घेतो. पण लग्न जुळवायला बसलो, की चहा संपायच्या आत दबक्या आवाजात प्रश्न येतो, ‘मूळचे कोणते?’ १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती झालेल्यांमध्ये जात शिल्लक राहते, हे बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात स्पष्ट मांडलं होतं. मंडळ्यांच्या जमिनींवरून ख्रिस्ती माणसं एकमेकांविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तेही जग पाहतं. त्या प्रहसनाने ख्रिस्ताचं नाव जेवढं खाली आलं असेल, त्याच्या कितीतरी पट ते आपण खाली आणलंय. याकोबाचा आणि पौलाचा आरोप आपल्यावर आहे, आणि त्याला आपल्याकडे बचाव नाही.

क्षमा न होणाऱ्या पापाबद्दलही तू शेवटी विचारलं आहेस. मार्कचा तिसरा अध्याय उघड. यरुशलेमहून आलेले शास्त्री येशूच्या हातून माणसं बरी होताना बघतात आणि हे बालजबूलचं काम आहे असं ठरवतात. समोर उघड दिसणारं चांगलं काम सैतानाचं म्हणायचं आणि डोळे असून आंधळं व्हायचं, याबद्दल तो इशारा आहे. रागाच्या भरात तोंडून गेलेल्या शब्दाबद्दल तो नाही. मनुष्याच्या पुत्राविरुद्ध कुणी बोलला तर त्याला क्षमा मिळेल, असं प्रभूने स्वतः सांगितलंय. प्रहसन करणारी पोरं त्या क्षमेच्या कक्षेत आहेत. उलट तू मसुद्यात त्यांना ‘सैतानाची टोळी’ म्हटलं आहेस, आणि तुझ्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर त्यांनी भरवलेल्या रक्तदान शिबिराचं कौतुक आहे. ते दोन शब्द आजच खोड.

दुसऱ्यांच्या श्रद्धेबाबतही शास्त्र आपल्याला मोकळं सोडत नाही. इफिसात दंगल उसळली, तेव्हा तिथल्या नगरलेखकाने जमावाला सांगितलं, की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. पौल आपलं म्हणणं ठासून मांडत होता, तरी परधर्मीय अधिकाऱ्याला त्याच्या सोबत्यांबद्दल अशी साक्ष देता आली. १८४५ मध्ये नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप गोंडांमध्ये हिंडले. त्यांनी मिळवून ठेवलेली लिंगोची दीर्घ गीतकथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी छापून आणली. दुसऱ्याचं देवाविषयीचं बोलणं कान देऊन ऐकायचं, ही रीत आपल्या शहरातल्या ख्रिस्ती परंपरेत आहे. आणि १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका मिशनऱ्याने नवा करार दिला, तोही सौजन्याने बोलून. टिळक पुढे मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याचे अध्वर्यू झाले. त्या डब्यात वाद पेटला असता, तर ते पुस्तक त्यांनी उघडलं असतं का?

टिंगल आपल्याला नवीन नाही. रोममध्ये पॅलटाइन टेकडीवर १८५७ साली गिलाव्यावर कोरलेलं एक चित्र सापडलं, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, शेजारी हात वर केलेला एक तरुण आणि खाली ओबडधोबड ग्रीकमध्ये, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतोय, अशा अर्थाचा टोमणा. वधस्तंभाच्या आज उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक आहे. जवळच्याच खोलीत लॅटिनमध्ये अलेक्सामेनोस विश्वासू असल्याचा लेख सापडला. तो त्याने लिहिला की मित्राने, कोण जाणे, पण त्यात शिव्याशाप नाहीत, तक्रार नाही. चेष्टेला दिलेलं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरं माहीत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. अर्ज देऊ नकोस. ज्या मुलाने ते प्रहसन लिहिलं त्याला कॅन्टीनमध्ये चहाला बोलाव आणि तुला नेमकं काय लागलं ते त्याला न चिडता सांग. लागलं हे लपवू नकोस, त्यात कमीपणा नाही. मग त्याचं ऐक. ख्रिस्ती माणसांनी त्याला कधी दुखावलं असेल, तर तेही बाहेर येईल. पुढच्या रविवारी तरुण संघात तक्रारीऐवजी याकोबाचा दुसरा अध्याय वाचायला घ्या आणि लग्नात ‘मूळचे कोणते’ हा प्रश्न आम्ही विचारणार नाही, आमच्यासाठी कुणाला विचारू देणार नाही, असा ठराव करा. तो ठराव करताना किती जण गप्प बसतात ते बघ, म्हणजे देवाच्या नावाला खरा धोका कुठून आहे हे तुला कळेल. ठराव झाला तर मला कळव, तुझ्या आईशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी मी स्वतः बोलेन. तुझ्या लग्नाच्या वेळी आपल्या घराने तो पाळला, की बाकीच्यांना सांगायचा हक्क आपल्याला मिळेल.

पटलं नाही तर तसंही लिही, मुद्देसूद लिही. मी उत्तर देईन.

तुझा,
मामा