यूपीएसच्या शेवटच्या मिनिटांचा उपयोग

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. कोलाडच्या बाजारपेठेत आम्हाला वीज जाणे नवे नाही. यूपीएस मात्र काही मिनिटांचीच मुदत देतो. बॅटरी संपताच हिशेबाचा सर्व्हर एकदम बंद पडतो आणि उधारीची फाइल खराब होऊ शकते.

म्हणून यूपीएस यूएसबी केबलने सर्व्हरला जोडावा. एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी ‘एपीसीयूपीएसडी’ हा मोफत प्रोग्रॅम आहे. बॅटरी ५ टक्क्यांवर किंवा उरलेला वेळ ३ मिनिटांवर आला की तो सर्व्हर रीतसर बंद करतो. बॅटरी जुनी असेल तर ३ऐवजी ५ मिनिटे ठेवावीत.

आधी हिशेबाची नक्कल काढावी, मग यूपीएसचा स्विच भिंतीवर बंद करून खात्री करावी. हिशेब ही गिऱ्हाइकांची अमानत आहे.