शेतराखणीची बंदूक आणि रात्रीची शिकार: कायदा काय सांगतो?



भात पोटरीला आलं की आपल्या सिंधुदुर्गात डुकरं आणि गवे शेतात उतरतात. मग घरातले पुरुष बॅटरी आणि भरलेली बंदूक घेऊन रात्री बाहेर पडतात. शेत राखता राखता पावलं कधी जंगलाकडे वळतात ते कळत नाही. "लायसन आहे ना, मग भ्यायचं कशाला?" हे वाक्य समूहाच्या बैठकीत खूपदा ऐकू येतं. म्हणून या महिन्याचा पाठ त्या लायसनवरच.

१. लायसन कशासाठी असतं?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शेतकऱ्याला पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. बंदूक कोणाच्या नावावर आणि कोणत्या कामासाठी आहे, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. अटीही असतात. घरात परवाना असेल तर एकदा काढून वाचा, किंवा मुलीकडून वाचून घ्या.

अट मोडली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना सासऱ्यांच्या नावावर आणि बंदूक घेऊन पुतण्या एकटाच शिकारीला गेला, तर ती त्याच्यासाठी बिनपरवाना बंदूक. त्याला कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड आहे.

२. शिकारीची वेळ कोणती?

काही देशांत शिकारीचा हंगाम आणि तास ठरलेले असतात. सूर्य मावळल्यावर बंदूक रिकामी करावी लागते. आपल्याकडे असा प्रश्नच येत नाही, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीलाच बंदी आहे. दिवस असो की रात्र, गवा असो की ससा.

"पण काही मारलंच नाही ना!" असंही म्हणतात. कायद्यात मारण्याचा प्रयत्न करणं, फासकी लावणं, विष घालणं, शिकारीसाठी जनावर हाकणं हे सगळं शिकारीतच धरलं आहे. मदत करणाराही दोषी ठरतो.

डुक्कर पीक खातंय म्हणूनही आपल्या मनाने गोळी घालता येत नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांसाठी वन विभाग परवानगी देऊ शकतो, पण ती लेखी हवी आणि आधी हवी. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं, तर तो गुन्हा नाही. मात्र माणूस त्या वेळी शिकारीसारखा गुन्हाच करत असेल, तर ही सवलत त्याला मिळत नाही.

३. शिक्षा काय?

• साधारणपणे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• गवा, बिबट्या, खवल्या मांजर अशा अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार केली, किंवा अभयारण्यात कुठलीही शिकार केली, तर ३ ते ७ वर्षं कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड.
• शिकारीत वापरलेली बंदूक आणि गाडी सरकारजमा होऊ शकते. समूहाच्या कर्जावर घेतलेली दुचाकी गेली तरी हप्ता थांबत नाही.
• गुन्हा शाबित झाला तर न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं आणि पुढची ५ वर्षं नवा मिळत नाही. म्हणजे शेताची राखणही गेली.
• अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, गोळी झाडली नाही तरी.

अंधारात डुक्कर समजून माणसावरच गोळी गेल्याच्या बातम्या आपण कोकणात वाचल्या आहेत. हलगर्जीपणाने माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. गेलेला बहुतेक वेळा सोबतचाच, आपल्याच वाडीतला असतो. दोन घरं एकाच रात्री मोडतात.

४. गोष्ट आपल्या चुलीपर्यंत येते

रात्री आणलेला वाटा सकाळी आपल्या टोपात शिजतो. वन्यप्राण्याचं मटण घरात सापडलं, तर ते बेकायदा नाही हे ज्याच्या ताब्यात सापडलं त्यानेच सिद्ध करायचं असतं. "ह्यांनी आणलं, मला काय ठाऊक" एवढ्याने सुटका होत नाही. शेजारून वाटा आला तरी नाही म्हणा.

दुसरी गोष्ट एकल भगिनींसाठी. नवरा किंवा सासरे वारले की त्यांचा परवाना आपल्याला आपोआप लागू होत नाही. बंदूक माळ्यावर ठेवून देऊ नका. लवकरात लवकर पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. बंदूक ठेवायचीच असेल तर स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करा.

५. मग आपण काय करायचं?

• परवान्याची मुदत तपासा आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा.
• घरात बंदूक रिकामी आणि कुलपात ठेवा. काडतुसं, दारू, छरे वेगळ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे.
• पिकाचं नुकसान झालं तर लगेच फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, भरपाईचा अर्ज करा. सातबारा हाताशी ठेवा. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.
• एकेकट्याने राखण करण्यापेक्षा कुंपण आणि राखणीच्या पाळ्यांचा विषय ग्रामसंघात घ्या. कुंपणात चोरून वीज मात्र सोडू नका, त्यात माणसंही मरतात.
• केस झालीच तर घाबरून दागिने गहाण टाकू नका. स्त्रियांना, तसंच कोठडीत असलेल्या माणसाला, तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदत क्रमांक १५१०० आहे.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत किती घरांत बंदूक आहे? परवाना कोणाच्या नावावर आणि बंदूक नेतं कोण?
२. यंदा किती जणींच्या पिकाचं नुकसान झालं? त्यातल्या किती जणींनी अर्ज केला?
३. "आज रात्री बंदूक जंगलात नेऊ नका" हे घरात कसं सांगायचं? दोघीदोघींनी सासू-सून, नवरा-बायको होऊन बोलून बघा.

तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. कलमं विसरली तर हा अंक उघडून बघता येईल, पण रात्री दारात उभं राहून बोलायचे शब्द आपल्याकडे आधीच तयार हवेत.