फाइलीबरोबरची बिल्टी

मालगाडीने माल पाठविणारा व्यापारी मालाइतकीच बिल्टी जपतो. माल कोणाचा, कोणासाठी, किती नग, हे सारे बिल्टी सांगते. संगणकाच्या बुलेटिन बोर्डांवर फाइली वाटण्याची जी व्यवस्था रूढ झाली, तिचे मर्मही अशाच एका बिल्टीत आहे. ही व्यवस्था कशी मांडावयाची, ते प्रस्तुत लेखात पाहू.

बुलेटिन बोर्ड म्हणजे मोडेमने टेलिफोनला जोडलेला संगणक. लोकांनी फोन लावून त्यावर निरोप ठेवावेत, फाइली उतरवून घ्याव्यात. पहिला सार्वजनिक बोर्ड १९७८ मध्ये शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी सुरू केला. पुढे १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट उभारले. त्यातील बोर्ड रात्री स्वस्त दराच्या वेळी एकमेकांना आपोआप फोन करीत व टपाल पोहोचवीत. टपालामागोमाग फाइलीही जाऊ लागल्या. त्यासाठी बॅरी गेलर यांनी 'टिक' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या बिल्टीचा नमुना सर्वत्र रूढ झाला.

ही बिल्टी म्हणजे साध्या मजकुराची छोटी फाइल. तीत मूळ फाइलीचे नाव, तिचा विभाग, ती प्रथम कोठून निघाली, आता कोणी पाठविली, दोन शेजारी बोर्डांत ठरलेला परवलीचा शब्द आणि सीआरसी हा तपासणीचा आकडा असतो. शेवटी, फाइल ज्यांना मिळाली वा रवाना झाली त्या बोर्डांची यादी असते.

मांडणीचे टप्पे असे. प्रथम डिस्कवर तीन प्रकारच्या जागा कराव्यात: आवक, प्रत्येक विभागाची स्वतंत्र जागा, आणि संशयित फाइलींची जागा. मग विभागांची यादी लिहून प्रत्येकापुढे नोंदवावे की फाइली कोणाकडून घ्यावयाच्या व कोणाला द्यावयाच्या. प्रत्येक शेजाऱ्याशी परवलीचा शब्द ठरवून तो दोन्हीकडे सारखाच लिहावा. फोनवरील देवाणघेवाण संपताच प्रोग्राम आपोआप चालेल अशी व्यवस्था बॅच फाइलीत करावी. शेवटी एक लहानशी फाइल एकाच शेजाऱ्याकडे पाठवून पाहावी. ती नीट पोहोचल्यावरच बाकीचे शेजारी जोडावेत.

बोर्डांच्या यादीचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. क, ख, ग हे तीन बोर्ड परस्परांशी जोडलेले आहेत. क ने एक फाइल ख आणि ग या दोघांकडे पाठविली. बिल्टीवर तिघांची नावे असल्याने ख ती पुन्हा ग कडे धाडीत नाही. यादी नसती तर ख ने ग ला, ग ने ख ला, आणि दोघांनी परत क ला तीच फाइल पाठविली असती. आता हिशेब पाहा. २४०० बिट वेगाच्या मोडेमने सेकंदाला सुमारे २४० अक्षरे जातात, म्हणजे ३ लाख अक्षरांच्या फाइलीस सुमारे २१ मिनिटे लागतात. बोर्ड चालविणारे बहुतेक हौशी होते. परगावच्या फोनचे बिल त्यांच्याच खिशातून जाई. एका चुकीच्या नोंदीने असा भुर्दंड रोज रात्री पडू शकत असे.

सीआरसी जुळला नाही तर फाइल संशयितांत ठेवावी, पुढे पाठवू नये. परंतु जुळला म्हणून निश्चिंत होणे चूक. तो आकडा फक्त वाटेत झालेली मोडतोड दाखवितो. कोणी हेतुपुरस्सर फाइलीत व्हायरस घालून नवी बिल्टी केली, तर नवा आकडाही बरोबर जुळेल. परवलीचा शब्दही केवळ लगतच्या शेजाऱ्याची ओळख पटवितो. त्याच्या पलीकडच्याची नाही. म्हणून फाइल प्रथम साखळीत सोडणाऱ्याने ती तपासलीच पाहिजे. एकदा ती सुटली की शेकडो यंत्रे न पाहता पुढे नेतात.

फिडोनेट आजही लहान प्रमाणावर, मुख्यतः इंटरनेटवरून, चालू आहे आणि बिल्टीचा नमुना बदललेला नाही. टेलिफोनच्या बिलाची चिंता सरली. फाइल कोठून निघाली आणि ती कोणी तपासली, हे दोन प्रश्न मात्र कोणतीही फाइल पुढे धाडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने विचारावेत असेच आहेत.