नामाची मुद्रा आणि नावाची नोंद



भिवंडी ही मागांची पेठ. यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. पण तालुक्यातील आगरी-कोळी गावांत पहाटेचा काकडा आणि सांजेचा हरिपाठ अजून चालतो. कार्तिकात इकडच्या दिंड्या आळंदीची वाट धरतात. दिंडीचा चालक कोण, वीणा कोणाकडे होती, मृदंगावर कोण बसत असे, हे गावात विचारा. जुनी माणसं नावानिशी सांगतील. पण डोक्यावर तुळस घेऊन चालणारी माउली कोण? सप्ताहाच्या पंगतीसाठी कोणाकोणाचे हात राबले? इथे उत्तर येतं, "ती अमक्याची आई." तिचं स्वतःचं नाव सांगायला कोणी नसतं. म्हणून हा पाठ आम्ही स्त्रियांच्या स्मरणाविषयी लिहीत आहो, आणि त्यास ग्रंथालयाच्या कपाटाची जोड देत आहो.

कोणी शंका घेईल की वारकऱ्याला नावाची हाव कशाला? नाव घ्यावे ते पांडुरंगाचे. शंका रास्त आहे. परंतु संतांनी काय केले ते पाहावे. अभंगाच्या शेवटी त्यांनी आपली नाममुद्रा घातली. ती मिरवण्यासाठी नव्हे. हे बोल कोणाचे, याची ती साक्ष आहे. या मुद्रेमुळेच आज मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा आपणांस ठाऊक आहेत. नामदेवरायांची आई गोणाई आणि पत्नी राजाई, चोखोबांची पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा, यांचे बोलही त्यांच्या नावाने ओळखले जातात. मुद्रा नसती तर या साऱ्या जणी कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको एवढ्याच उरल्या असत्या.

मुद्रेबरोबर वहीही लागते. तुकोबांचे अभंग टाळकऱ्यांच्या वह्यांतून टिकले. संताजी जगनाड्यांची वही तर प्रसिद्धच आहे. संत बहिणाबाईंचे उदाहरण त्याहून बोलके. जन्म १६२८, देवगावचा. देह ठेवला १७०० साली. शिऊर ही त्यांची अखेरची वस्ती. ब्राह्मण घरातील या बाईने तुकोबांना गुरू मानले, म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. हे सारे, आईबापांच्या नावांसकट, लाडक्या वासराच्या मरणासकट, त्यांनी स्वतः अभंगांत सांगून ठेवले. एका स्त्रीने आपले चरित्र आपल्या तोंडाने सांगावे, हे त्या काळी केवढे नवल! ते बाड जपले गेले म्हणून विसाव्या शतकात छापले गेले, आणि १९२९ साली जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचे इंग्रजी भाषांतरही केले. बाड चुलीत गेले असते, तर आपण काय वाचले असते?

आता आपल्या शेजारचा दाखला घ्या. खाडीपलीकडे कल्याण. तिथल्या जोशी घरातील आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, निवर्तल्या. दवाखाना चालवायला आयुष्यच उरले नाही. तरीही त्यांचे चरित्र आपणांस तपशिलाने कळते, कारण पत्रे राहिली. काशीबाई कानिटकरांसारख्या विदुषीने चरित्र लिहिले, आणि त्या महाविद्यालयाच्या दप्तरात १८८५ सालचे त्यांचे छायाचित्र आजही आहे. परक्या मुलखातील दप्तराने आपल्या लेकीची आठवण राखली, हे ध्यानात घ्यावे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी तर लिहिणे-वाचणे शिकल्याच नव्हत्या. शेतात काम करताना, जात्यावर बसताना ओव्या सुचत. घरच्या मंडळींनी त्या टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. टिपणारा हात घरात नसता तर तो ठेवा त्यांच्यासंगेच गेला असता.

तसाच ठेवा आपल्या गावांत आज जाऊ लागला आहे. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाऊन विधी लावते. गाणारी बाई, विधी सांगणारीही बाईच. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने लग्नप्रसंगी धवळे रचले. तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. तोच शब्द आपल्या मांडवात अजून जिवंत आहे. पण धवले पाठ असणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या, आणि लाउडस्पीकरपुढे त्यांचा आवाज कोण ऐकतो? एक म्हातारी गेली की अख्खी पोथी गेली म्हणून समजा.

मग करावे काय? आमचे सांगणे सोपे आहे.

एक वही करावी. पानावर बाईचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही लिहावे. कारण लग्नात नाव बदलले की अर्धा माग तिथेच तुटतो. गाव, अंदाजे साल, तिने काय केले, आणि ही माहिती कोणी कोणत्या दिवशी सांगितली, तेही लिहावे. डोळ्यांनी पाहिलेले निराळे आणि ऐकीव निराळे ठेवावे. ऐकीव असेल तिथे "असे सांगतात" म्हणावे. स्मरणातही असत्य नको. धवले टिपताना किंवा मोबाईलवर ध्वनिमुद्रित करताना आधी त्या माउलीची परवानगी घ्यावी. कोणी नको म्हटले तर मान राखावा.

वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक देवळात, एक ग्रंथालयात. आपला जिल्हा या बाबतीत भाग्याचा. भिवंडीचे वाचन मंदिर जुने. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि ते उभारण्यात 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे पुढे होते. जुन्या पोथ्यांचे मोल त्यांनी ओळखले. घरातील वही वाळवीला, पुराला, वाटणीला बळी पडते. ग्रंथालयात तिला नोंदक्रमांक मिळतो आणि मागून येणाऱ्याला ती सापडते.

आणि एक. यंदाच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनानंतर, अन्नदात्यांची नावे वाचतो तशी गावातील पाच दिवंगत बायांची नावे वाचावीत, माहेरच्या नावासकट. फार वेळ लागणार नाही. पण मागे बसलेली एखादी म्हातारी पदराने डोळे पुसील, आणि घरी जाऊन नातीला म्हणेल, "बाय, माझंबी नाव लिव्हून ठेव गं."

ते नाव लिहून घ्यावे. जनाबाईंची मुद्रा जपणाऱ्या संप्रदायाला ते जड जाऊ नये.

रामकृष्णहरि.