दारिद्र्य, विषमता आणि माणदेशाचा अनुभव

दारिद्र्य आणि विषमता हे शब्द बोलण्यात नेहमी जोडीने येतात. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. किमान गरजा भागतील एवढीही मिळकत नसणे म्हणजे दारिद्र्य. एकाच्या वाट्याला विपुल व दुसऱ्याच्या वाट्याला अत्यल्प येणे म्हणजे विषमता. पहिले घटले की दुसरी आपोआप घटते, असे नाही. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार 1990 मध्ये जगातील दर तीन माणसांमागे एकाहून अधिक माणूस अतिदारिद्र्यात होता. 2020 नंतरच्या काळात हे प्रमाण दहांत सुमारे एकावर आले. चीन व भारत या दोन देशांचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र 2022 च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे जगातील सुमारे 76 टक्के संपत्ती वरच्या एक दशांश लोकांकडे होती आणि खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे जेमतेम 2 टक्के.

एवढे मोठे आकडे मनात ठसत नाहीत. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत मात्र हाच प्रश्न डोळ्यांनी पाहता येतो. महाबळेश्वरी वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. कृष्णाकाठी कराड-वाळव्याकडे ऊस आणि साखर कारखाने. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या भागांत ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि पावसाची वाट. या दुष्काळी पट्ट्यातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. खानापूर-आटपाडीकडील कित्येकांनी सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय घेऊन भारतभर दुकाने थाटली. पण ज्याच्यापाशी कसब नाही, भांडवल नाही आणि जमीनही नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर याच मातीतून पुढे आले. साताऱ्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज 2,250 उष्मांकांचे अन्न मिळावे, ही कसोटी त्यांनी धरली आणि ज्याला काम हवे त्याला ते सार्वजनिक कामांतून द्यावे, त्याचा खर्च सधनांनी उचलावा, असे सुचविले. त्याआधीच, 1965 मध्ये, वि. स. पागे यांच्या प्रेरणेने तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात काम पुरविण्याचा प्रयोग सुरू झाला होता. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. खडी फोडणाऱ्या त्या हातांनी योजनेची निकड जितकी पटवून दिली, तितकी कोणत्याही अहवालाने दिली नसती. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. राज्यघटनेच्या कलम 41 मधील कामाच्या हक्काला महाराष्ट्रात त्यामुळे कायद्याचे बळ मिळाले.

या योजनेत विषमतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब होती ती तिच्या पैशाची. नोकरदार-व्यावसायिकांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. बागायती जमिनीवरही उपकर आला. जमेल तेवढीच भर राज्य शासनाने घालावयाची होती. म्हणजे शहरातील पगारदार आणि पाण्याचा शेतकरी यांनी कोरडवाहू भागातील मजुराच्या कामाचा भार उचलावयाचा. मागणी नोंदविल्यापासून 15 दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, आणि मोजमापाप्रमाणे स्त्री-पुरुषांना सारखाच दर! मजुरीसाठी गावच्या सधनापुढे हात जोडण्याची पाळी ज्यांच्यावर येई, त्या स्त्रियांना हा केवढा आधार होता, हे वेगळे सांगावयास नको. केंद्राने 2005 मध्ये केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे हा अनुभव होता. त्याच वर्षी इथिओपियानेही अन्नटंचाईच्या भागांत मृद्‌संधारण व जलसंधारणाच्या कामांवर मजुरी वा धान्य देणारी मोठी योजना सुरू केली.

तथापि येथेच एक अवघड गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. मजुराने पाझर तलाव बांधला, मजुरी घेतली आणि तो घरी गेला. तलावाचे पाणी पाझरले ते ज्याची विहीर खाली आहे त्याच्या विहिरीत. 1990 मध्ये रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडण्यात आली, तीतून कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधात कायमची मालमत्ता उभी राहिली. परंतु झाड लावावयास जमीन लागते. भूमिहीनाची चूल पेटली, हे खरेच मोठे काम झाले. त्याच्यात आणि विहीरवाल्यात असलेले अंतर मात्र तेवढेच राहिले, क्वचित वाढलेही.

म्हणून खानापूर तालुक्यातील येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाचे महत्त्व त्याच्या आकाराहून मोठे आहे. बलवडी व तांदुळवाडी येथील लोकांनी 1980 च्या दशकात नदीतील वाळू विकून पैसा उभा केला आणि श्रमदानाची जोड देऊन हे धरण बांधले. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरता तो प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही असावा, हे तत्त्व त्यांनी मांडले. आटपाडी भागात 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आदींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पाणी संघर्ष चळवळीने समन्यायी वाटपाची हीच मागणी मोठ्या प्रकल्पांच्या संदर्भात धरली.

ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडे नेले आहे. ज्या शिवारांत टँकरची वाट पाहिली जाई, तेथे पाट व नळ पोचले. परंतु उपसलेल्या पाण्याला विजेचे बिल असते, आणि पाणी पोचले की ऊसही पोचतो. थोड्यांच्या उसाने सगळे पाणी पिऊन टाकले, तर कृष्णाकाठ आणि माणदेश यांच्यामधली जुनी दरी माणदेशाच्या एकेका गावातच पडेल.

जगापुढील चित्रही याहून फार निराळे नाही. अतिदरिद्री लोकांपैकी निम्म्याहून अधिक आता सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य आकाशाकडे पाहून शेती करणारे. 2030 पर्यंत अतिदारिद्र्य संपविण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट गाठले जाणार नाही, असे जागतिक बँकेने 2024 मध्ये नमूद केले. पाऊस अधिकाधिक लहरी होत असता तेथे बंधारे, तलाव बांधले जातीलच. त्यांतील पाण्याची पाळी कोणाच्या नावे लागणार, हे मात्र बांधकामाआधीच ठरवावे लागेल. बलवडीकरांनी ते आधी ठरविले होते.